बजाबाईचा अर्धा अध्याय

शुक्रवार पेठेत जाऊन बजाबाई कसबे कुठं राहते असं विचारा. माणूस आधी हसेल आणि मग पत्ता सांगेल. हसण्यात कुचेष्टा नसते बरं का, आणि असलीच तरी बजाबाई तिला भीक घालणारी नव्हे. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, गोलमटोल बाई. टॉवेलच्या कडांना टीप मारायचं काम करते, आणि बोलायला लागली की मशीनपेक्षा जोरात चालते. पण मी सांगतोय ती गोष्ट तिच्या शिलाईची नाही. तिच्या बायबलाची आहे, आणि एका स्कूटीची.

बजाबाईची बायबल वाचायची पद्धत दुनियेत दुसऱ्या कुणाची नसेल. सकाळी चहा झाला की तो बशीत ओतायचा, पुस्तक मांडीवर घ्यायचं आणि एक घोट, एक ओळ असं करत वाचत जायचं. बशी रिकामी झाली की वाचन बंद. मग अध्याय अर्धा राहो, लढाई अर्धी राहो, माणूस मरता मरता राहो! तिथं केसाची पिन खोचायची आणि पुस्तक पिशवीत टाकायचं. उरलेलं दुपारी, डब्याच्या सुट्टीत. आणि खरी गंमत पुढंच आहे. बशी संपताना जे वाक्य डोळ्यांसमोर असेल, तो बजाबाईचा त्या दिवसाचा हुकूम. दिवसभर ती त्या वाक्याला धरून वागायची.

नोहाच्या गोष्टीत एकदा ती अशा ठिकाणी थांबली की पुराआधी नोहा नावेत शिरला आणि देवानं बाहेरून दार लावून टाकलं. झालं! बाईनं दाराला कडी घातली. गॅसवाला सिलेंडर घेऊन खाली बोंबलत उभा, गल्ली जमा झाली, पण ही आतून म्हणते, "आज दार उघडायचं न्हाई, मला हुकूम न्हाई." दुसऱ्या खेपेला लोटाची बायको मागं वळून बघते आणि मिठाचा खांब होते, तिथं बशी संपली. त्या दिवशी रस्त्यात हिच्या पिशवीतून जेवणाचा डबा पडला. मागून मैत्रीण ओरडतेय, "आक्का, डब्बा! आक्का, डब्बा!" पण आक्का नाकासमोर चाललेली. दुपारी उपाशी बसली ती बसली, वर म्हणाली, "डबा गेला तर गेला. मीठ व्हन्यापरीस बरं."

आता तुम्ही म्हणाल, ही बाई अडाणी. छे हो! सातवी पास आहे, आणि डोकं असं की शेठला हिशेबात पकडते. पण ह्या वाचनाचं मूळ वेगळं आहे. ते जरा सांगायला हवं.

बजाबाईचा नवरा शांतवन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूम चालवायचा. एका सकाळी मोटरसायकलवर कामाला निघाला आणि त्याच रोडला ट्रकनं उडवलं. माणूस जागच्या जागी गेला. चर्चच्या मंडळीतली माणसं आली, प्रार्थना झाल्या, गाणी झाली, पाळकसाहेबांनी पाठीवर हात ठेवला. सगळे आपापल्या घरी गेले आणि बजाबाई एकटी उरली. तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः होऊन बायबल उघडलं, आणि ते भक्तीनं नाही तर भांडायला. "माजा मानूस नेलास, आता बोल तुजं काय म्हननं हाय," असं म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात केली. देवाला पुरतं बोलू तर द्यावं, म्हणून रोज वाचत राहिली. वाचता वाचता भांडणाची गोडी लागली आणि कधी ते भांडण भरवशात बदललं ते तिचं तिलाही कळलं नाही.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. बजाबाई दोन चाकांवर बसायची नाही. अक्कलकोट रोडचं नाव काढलं की तोंडचं पाणी पळायचं. मुलगा अभिमन्यू पुण्याला नोकरीला गेला, त्याची स्कूटी जिन्याखाली प्लास्टिक पांघरून पडली होती. तिच्याजवळून जाताना ही पदर सावरून जायची, कुणी थोरला दीर बसलाय असं समजून. कामाचा कारखाना गल्लीतच होता, चालत दोन पावलांवर, म्हणून सगळं निभत होतं.

आणि एक दिवस मालकानं, सिद्रामप्पांनी, जाहीर केलं की शिलाईची मशिनं आता एमआयडीसीतल्या नव्या शेडात जाणार.

कुठल्या रोडला ते वेगळं सांगायला नको.

बजाबाई घरी आली आणि भिंतीला टेकून बसली. "मी काम सोडते," म्हणाली. तिच्या शेजारच्या मशीनवर बसणारी सायराबानू तिच्यामागोमागच आली होती. डब्याच्या वेळी ओरडणारी ती हीच. गुडघ्यानं अधू बाई, चार पायऱ्या चढली की दहा वेळा अल्लाचं नाव घेते. ती म्हणाली, "नक्को बोलो आक्का ऐसा. तुम नै आए तो मैं कैसा जाती?" शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलायची नाही, आणि मेन रोडला सोडून द्यायची. तिथून शेडापर्यंत लांबच लांब पायपीट. सायराबानूच्या गुडघ्याला ते झेपणारं नव्हतं, आणि उशीर सिद्रामप्पांना झेपणारा नव्हता. म्हातारा मनानं वाईट नाही, पण घड्याळाच्या बाबतीत कसाई. नऊला मशीन चालू झालं पाहिजे म्हणजे झालं पाहिजे.

म्हणजे असा पेच. बजाबाई स्कूटी शिकली तर दोघींचं काम राहतं. नाही शिकली तर दोघी घरी.

सायराबानूची सून आरजू स्कूटी फर्मास चालवायची. तिनं शिकवायचं कबूल केलं आणि पहिल्याच दिवशी कानाला खडा लावला. मोकळ्या मैदानात बजाबाई स्कूटीवर बसली, हँडल पकडलं आणि जोरजोरात प्रार्थनाच करायला लागली. आरजू म्हणते, "मावशी, डोळे उघडा!" बजाबाई म्हणते, "डोळे उघडे ठिवून प्रार्थना कशी हुईल गं?" गाडी तिरकी तिरकी जाऊन बाभळीच्या झुडपात घुसली. काटे काढता काढता आरजू हसून हसून बेजार. पण पोरगी चिकाटीची आणि बाई तिच्याहून चिकाटीची. रोज पडायची, रोज उठायची. उठली की आभाळाकडं बघून म्हणायची, "हसू नको बापा, मला दिसतंय." हळूहळू गाडी सरळ जायला लागली. मग वळायला लागली. मग, काय सांगू, एक दिवस मागं सायराबानूला बसवून गल्लीतून चक्कर मारली, तर अख्खी पेठ गॅलरीत! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. लायसन्सही मिळालं. त्यावरचा फोटो बघितलात तर अजून हसाल.

पण गल्ली वेगळी आणि अक्कलकोट रोड वेगळा.

नव्या शेडात जायच्या पहिल्या दिवशी बजाबाई पहाटेपासून जागी होती. चहा ओतला, बायबल उघडलं. निर्गमाचा चौदावा अध्याय. मोशे आपल्या लोकांना घेऊन मिसर देशातून निघालाय, पुढं तांबडा समुद्र आणि मागून तिथल्या राजाचे, फारोचे रथ. लोक घाबरून किंचाळतायत. बजाबाईनं घोट घेतला, ओळ वाचली, घोट घेतला, ओळ वाचली. आणि मोशे लोकांना म्हणतो की भिऊ नका, जागचे हलू नका, परमेश्वर तुम्हाला कसं सोडवतो ते बघत राहा. लढणारा तो आहे, तुम्ही नुसतं गप्प बसा.

बशी संपली.

बजाबाईनं पिन खोचली आणि टाळीच वाजवली. "बघा!" असं रिकाम्या घराला उद्देशून म्हणाली. "माज्यासाठीच लिवलंय की हे!" भीती बिती सगळी गेली. सायराबानूला मागं घेतलं आणि स्वारी निघाली, अशी की जणू सासरहून माहेरी चालली आहे.

मोठ्या चौकात आली आणि चारी बाजूंनी गाड्या अंगावर. उजवीकडून टँकर, डावीकडून टेम्पो, मागून एसटीचा भोंगा. शांतवन डोळ्यांपुढं आला. मग हुकूम आठवला. बजाबाईनं ब्रेक दाबला, किल्ली फिरवून गाडी बंद केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि चौकाच्या मध्यभागी शांत बसली.

"आक्का, पेट्रोल खतम?" सायराबानू मागून.

"गप. आपन गप ऱ्हायाचं."

"कायकू?"

"तो बगून घेतो."

मागं जे हॉर्न सुरू झाले म्हणता! टँकर ओरडतोय, एसटी ओरडतेय, एक रिक्षावाला तर खाली उतरून कपाळ बडवून घ्यायला लागला. वाहतूक पोलीस पळत आला.

"मावशी, गाडी बंद पडली का?"

"पडली न्हाई. मी केली."

"का?"

"लढाई त्याची हाय," म्हणत बजाबाईनं बोट वर केलं.

पोलिसानं वर पाहिलं. वर सिग्नल होता, आणि तो हिरवा होता.

बिचाऱ्यानं कपाळाला हात लावला. स्कूटी ढकलत कडेला नेली आणि निंगप्पाच्या चहाच्या टपरीमागं उभी करून किल्ली निंगप्पाकडं दिली. दोघींना एका रिक्षात कोंबलं. व्हायचा तो उशीर झालाच. शेडाच्या दारात सिद्रामप्पा घड्याळ बघत उभे. आवाज चढवला नाही, हेच वाईट. म्हणाले, "उद्या नऊला मशीनवर दिसला न्हाईत, तर ह्या दोन मशिनींवर दुसऱ्या बायका बसतील. जावा, लागा कामाला."

सकाळभर बजाबाई मान वर न करता टीप मारत राहिली. डोळ्यांतून पाणी टॉवेलावर पडत होतं आणि टॉवेल ते पीत होता. एकटीचं काम गेलं असतं तर सोसलं असतं, पण हिच्यापायी सायराचंही जाणार. आणि रागही असा आलेला! ज्यानं गप्प बसायला सांगितलं, तो स्वतःच गप्प बसला होता. दुपारची घंटा झाली तरी तिनं डबा उघडलाच नाही. बायबल काढलं, पिनेपाशी उघडलं आणि पहिल्या दिवसासारखी भांडायला बसली. "बोल आता," म्हणाली, आणि पुढची ओळ वाचली.

वाचली आणि डोळे मोठे झाले. परत वाचली. मग खांदे हलायला लागले.

सायराबानूला वाटलं आक्का रडतेय. जवळ जाऊन बघते तर आक्का हसतेय! आधी बारीक, मग फुसफुस, मग पोट धरून. स्टुलावरून घसरली, टॉवेलांच्या ढिगावर पडली तरी हसतेय. पलीकडच्या बायका उठून आल्या. एकीनं पाणी आणलं, एकीनं कांदा शोधला.

"क्या हुआ आक्का? बोलो ना!"

बजाबाईनं पुस्तक पुढं केलं, पण तोंडातून शब्द फुटेना. कसाबसा दम धरून तिनं सांगितलं. "अगं, लोकांना गप उभं ऱ्हावा म्हनून मोशे सांगतोय, तितंच माजी बशी संपली. आन् फुडच्या ओळीला देव मोशेला काय म्हनतो ठावं हाय? म्हनतो, माज्याकडं वरडत काय बसलायस? त्यास्नी सांग, म्होरं चला!"

मग सायराबानूचंही हसू सुटलं. "सुबू चौक में बैठे ना अपन!" म्हणून तिनं कपाळावर हात मारला आणि तीही ढिगावर. "तुम्हारा मोशे वो हमारा मूसा, किस्सा हमारे में बी है आक्का. वो लोगां चल के गए, बैठ के नै!"

"एका ओळीनं गं सायरा! एका घोटानं! अर्धा घोट जास्तीचा असता तर चौक पार केला असता की." डोळे पुसत बजाबाईनं पूर्ण अध्याय शेवटपर्यंत वाचून काढला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. समुद्र फाटला, पाणी दोन्हीकडं उभं राहिलं, माणसं कोरड्या जमिनीवरून पलीकडं गेली. वाचून झालं तेव्हा ती हसत नव्हती. हळूच म्हणाली, "भिऊ नगा, हलू नगा हे मोशे म्हनला बाई, देव तर म्होरं चला म्हनला. गाडी बंद करा असं कुटं म्हटलंय? माजी मीच केली." आणि मग ती डबा उघडून अशी जेवली की बघणाऱ्याला भूक लागावी.

संध्याकाळी दोघी रिक्षानं निंगप्पाच्या टपरीवर उतरल्या. "बर्री अक्का, या या," म्हणत त्यानं चहा पुढं केला, आणि किल्ली द्यायला मात्र जरा का कू करायला लागला. "व्हय का अक्का, तुमी चालवनार? आत्ता? म्होरं बघा की काय झालंय."

पुढं रस्ता मुंगीला वाट नाही असा तुंबला होता. उसाचा हंगाम. साखर कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉल्या एकामागोमाग एक, दोन रांगा करून उभ्या, ऊस आभाळाला भिडलेला. त्या दोन रांगांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी मोकळी होती. तिच्या तोंडाशी बाइकवाले, सायकलवाले गोळा होऊन नुसते हॉर्न आणि घंट्या वाजवत होते. ट्रॉल्या मध्येच हलल्या तर चेंदामेंदा होईल, ह्या भीतीनं आत शिरायला कुणी तयार नाही. सुटलेली शिफ्ट सगळी तिथंच अडकलेली.

बजाबाईनं चहा संपवला, किल्ली घेतली, सायराला बसवलं आणि थेट पट्टीच्या तोंडाशी जाऊन थांबली. आणि तिथं जीव पुन्हा गोठला. हाच तो पट्टा. शांतवन ह्याच तुकड्यावर पडला होता; सकाळी हुकमाच्या भरात तो कधी मागं पडला ते कळलंही नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि ती कळवळून म्हणाली, "देवबापा, सोडव रे मला, देवबापा…"

आणि आपलंच ओरडणं आपल्याच कानावर पडून तिला खुदकन हसू आलं. "व्हय, व्हय. आलं ध्यानात," म्हणाली. डोळे उघडले. नीट बघितलं. ट्रॅक्टरवर तर कुणीच नव्हतं! सगळे ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बिड्या ओढत बसलेले.

"दादा, ह्या गाड्या हलनार हाईत का आता?"

"कुटं हलतंय मावशी! म्होरच्याचं चाक मोडलंय. इंजनं बंद हाईत सगळी."

"मग जाऊ मी?"

"जावा की!"

एवढे लोक हॉर्न वाजवत होते, पण विचारलं कुणी नव्हतं. बजाबाईनं पाय उचलले आणि स्कूटी पट्टीत घातली. डावीकडं उसाची भिंत, उजवीकडं उसाची भिंत. पाती गालाला लागतायत, पदर ओढला जातोय, नाकात गोड हिरवा वास. सायराबानूनं तिच्या कमरेला अशी मिठी मारली की श्वास घेता येईना, आणि डोळे घट्ट मिटून कुराणातली कसलीशी आयत सुरू केली. बजाबाईनं मनाचंच गाणं रचलं आणि मोठ्यानं सुरू केलं, "कोरडी वाट गं बाई, कोरडी वाट, दोन्ही अंगाला पान्याची लाट!" चाल कसली आणि सूर कसला! आयत आणि गाणं एकात एक मिसळून उसातून चाललं. कडेचे ड्रायव्हर उठून उभे राहिले. "जावा मावशी! सोडू नगा! जावा!"

तेवढ्यात मागून हॉर्न आला. मग दुसरा. मग इंजिनांची घरघर, भिंतीत घुमणारी, जवळ जवळ येणारी.

"आक्का, पीछे से कौन आता जी?" सायराबानू डोळे न उघडता.

"फारो!" बजाबाई ओरडली. "रथ घिऊन आलाय मेला! धर घट्ट!" आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा मूठ पुरती पिळली. स्कूटी उधळली. उसाच्या भिंती भराभर मागं गेल्या, उजेड रुंद झाला आणि दोघी धाडकन मोकळ्या रस्त्यावर येऊन पडल्या. म्हणजे पडल्या नाहीत, थांबल्या. बजाबाई गाडी स्टँडला लावून खाली उतरली. तोंडभर हसू होतं. शांतवन गेला तो तुकडा पाठीमागं राहिला होता आणि ती जिवंत होती. "सोडवलंस रे," असं म्हणताना तिला हुंदका आला आणि हुंदक्यातच पुन्हा हसू फुटलं. पदरानं तोंड पुसून ती फारोला तोंड द्यायला वळली.

उसाच्या फटीतून एक सायकल बाहेर आली. तिच्यामागं बाइक. मग दोन बाइक. मग पिशव्या लटकवलेल्या सायकली, लूमवरचे कामगार, मागं बसलेल्या बाया, सगळी संध्याकाळची शिफ्ट एकेरी ओळीनं बाहेर पडत होती. जो तो हिच्याजवळून जाताना हात उंचावत होता. "मावशी, बरं झालं घुसलाव! तुमच्या मागंमागं आलो बगा!"

बजाबाई बघतच राहिली. "अगं सायरा," तिनं मागं हात नेऊन सीटवर बसलेल्या सायराचा हात पकडला. "उगड की डोळे. फारो न्हाई गं. ही तर सगळी आपली मानसं!"

सगळ्यांत शेवटी घामाघूम होऊन, मोटरसायकल पायांनी रेटत सिद्रामप्पा बाहेर आले. टोपीत उसाचं पान अडकलेलं. बजाबाईला बघितलं आणि थबकले.

"म्होरं तुमी व्हता?" म्हणाले. "सकाळी म्हनं ह्याच रोडला मधी बसून ऱ्हायला व्हता."

"व्हय मालक," बजाबाई स्कूटीवर बसत म्हणाली. "सकाळी अर्धंच वाचलं व्हतं."